एकट्यांच्या पेट्या

१

उंदीर गेले होते, आणि पेट्यांची दारं मात्र नीट लावलेली होती.

द्वारका कर्णिक हातात किल्ली धरून उंबऱ्यातच उभी राहिली. सकाळच्या गाडीने ती मुंबईहून कर्जतला उतरली होती, नदी ओलांडून दहिवलीपर्यंत चालत आली होती, आणि भातगिरणीच्या मागच्या या जुन्या कोठीचं कुलूप तिने आत्ताच आपल्या हाताने उघडलं होतं. कुलूप शाबूत होतं, खिडकीचे गज शाबूत होते. डावीकडच्या मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात पांढऱ्या उंदरांचा घोळका एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेला होता, रोजच्यासारखाच. पण उजवीकडच्या फळीवर पत्र्याच्या पेट्या एका ओळीत मांडल्या होत्या, त्यांतून रोज येणारी नखांची खरखर आज ऐकू येत नव्हती.

तिने पहिली पेटी उघडली. रिकामी. दुसरी, तिसरी... साऱ्या रिकाम्या.

हे उंदीर काय होते आणि दहिवलीत कसे आले, ते आधी सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी जपानी बॉम्ब पडणार या धास्तीने निम्मी मुंबई गावोगाव पांगली. तेव्हा द्वारकेच्या कॉलेजने प्रयोगशाळेतली काचसामानाची खोकी हलवली, आणि त्यांच्याबरोबर उंदीरही. प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट करणारी ती एकटीच मुलगी. "उंदीर तुमचे, तुम्हीच सांभाळा," असं म्हणून प्राध्यापकांनी तिला त्यांच्यासोबत धाडलं. पुढे मुंबई पुन्हा भरली, पण कॉलेजातली ती खोली युद्धाच्या कुठल्याशा कचेरीने घेतली होती. उंदीर आणि द्वारका दहिवलीतच राहिले. आई-वडील गेलेले, भाऊ नागपूरला. तिची वाट पाहणारं कुठे कोणी नव्हतं, म्हणून घाईही कोणाला नव्हती.

तिचा प्रश्न साधा होता. जो जीव सोबतीत वाढतो आणि जो एकटा वाढतो, त्यांतला लवकर शिकतो कोण? म्हणून निम्मे उंदीर तिने एकत्र ठेवले, आणि निम्मे एकेकटे, पत्र्याच्या पेटीत, वाऱ्यापुरती भोकं पाडून. एकाला दुसरा दिसू नये, त्याचा स्पर्श होऊ नये. खोलीच्या मध्यभागी लाकडी भिंतींचा एक भुलभुलैया होता. एका टोकाला उंदीर सोडायचा, दुसऱ्या टोकाला खाऊ. चुकत चुकत तो वाट शिकतो. गावातली माणसं त्याला 'चकवा' म्हणत, आणि तिला 'उंदीरबाई'.

रविवारी प्राध्यापक शेवटची फेरी डोळ्यांनी पाहायला येणार होते. शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच होती. "ती पुन्हा मिळणार नाही," हे त्यांनी कालच तोंडावर सांगितलं होतं. आज शुक्रवार. तुलना करायची म्हणजे दोन बाजू लागतात, आणि तिची एक बाजूच नाहीशी झाली होती.

"धाकलूमामा!" तिने बाहेर येऊन हाक मारली.

गिरणीचा राखणदार धाकलू ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन उन्हं खात बसला होता.

"काय झालं बाय?"

"काल इथे कोण आलं होतं?"

"कोण येतंय तुज्याकडं? कोणी नाय." त्याने डोकं खाजवलं. "हां, झाडाया सोमी आलती. सांजच्याला टोपली डोक्यावर घेऊन गेली. जड व्हती टोपली."

मागून चपलांचा आवाज आला. गिरणीचे मालक आबाजी शेट कधी येऊन उभे राहिले ते कोणालाच कळलं नव्हतं.

"मंग झालंच की," ते म्हणाले. "कातकरणीच्या हातात उंदरांची कोठी दिली, आणि आता उंदीर शोधतेस व्हय?"

२

आबाजी शेटना उंदीर कधीच आवडले नव्हते, यात नवल नाही. ज्याच्या घरात भाताच्या कणग्या आहेत, त्याने उंदीर पाळणाऱ्या बाईला जागा द्यावी, हेच मुळात नवल. कॉलेजचं भाडं वेळेवर येतं म्हणून त्यांनी दिली होती. पण लढाई लांबली, भात महागलं, आणि कोठी रिकामी हवी, असं ते चारचौघांत बोलू लागले होते.

"लोक माझ्या दारात कण्या मागाया येतात," ते आताही म्हणाले. "आणि तुजे उंदीर माझ्याच म्हशीचं दूध पितात. एक दिवस मांजरच सोडणार व्हतो आत."

"मग सोडलंत का?"

शेट हसले. "मांजर दार लावून घेतं का गं? मी पोलीस पाटलाला सांगतो. सांजच्याला वाडीवर जाऊन सोमीला घेऊन येऊ. खाल्ले असतील तर निदान कबूल तरी करंल."

"संध्याकाळपर्यंत थांबा, शेट. मला बघू द्या."

"बघ बाय, बघ. उंदरांना चकवा दावतेस, आता तुजी पाळी."

ते गेले. द्वारका कोठीत परत आली, आणि मुलांना गणित शिकवताना जे पहिल्यांदा शिकवतात तेच तिने स्वतःला सांगितलं: उत्तराकडे धावायचं नाही, आधी काय दिलंय ते लिहून काढायचं.

दिलंय काय? चोराने मोठा पिंजरा सोडला. तो दाराजवळ होता, त्याची कडी सैल होती, एका झडपेत सगळे उंदीर हाताला लागले असते. खायला, विकायला किंवा नासधूस करायला आलेल्या माणसाने तोच पिंजरा उघडला असता. याने तो सोडला. फळीपाशी जाऊन एकेक घट्ट कडी उघडली, एकेक उंदीर काढला, आणि कडी पुन्हा लावली. म्हणजे त्याला उंदीर नको होते. त्याला एकटे उंदीर हवे होते.

पण का?

तिने पेटी खिडकीच्या उजेडात धरली. आत भुसा, पाण्याची वाटी, दुधाची वाटी. दाराच्या आतल्या कडेला, बरोबर मध्यभागी, पांढरा वाळलेला ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा. दुसऱ्या पेटीतही तसाच, त्याच जागी. सगळ्या पेट्यांत.

दूध सांडलं असेल? पण वाटी मागच्या कोपऱ्यात होती. मोठ्या पिंजऱ्याच्या दाराशी तिने बारकाईने पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. जे उंदीर मागे राहिले, त्यांना हे मिळालं नव्हतं. ज्यांना नेलं, फक्त त्यांनाच.

तिने ठिपका नखाने खरवडून नाकाशी नेला. आंबट वास.

दही.

उंदीर चोरायला आलेलं माणूस त्यांना आधी बोटाने दही का चाटवेल?

३

कातकरवाडी नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी. द्वारका पोचली तेव्हा सोमी झोपडीपुढे वालाच्या शेंगा निवडत होती. तिला बघूनही ती उठली नाही. म्हणजे बातमी आधीच पोचली होती.

"पाटील आला का मागं?" सोमीने विचारलं.

"मी एकटीच आले."

"तू एकटीच येतेस नेहमी." सोमीने शेंगांची टोपली पुढे सरकवली. "बस. टोपली बघायची हाय ना? हीच. काल सांजच्याला हीच व्हती. जुना भुसा काढला, तो शेणात घालाया नेला. भुसा ओला व्हता, जड लागणारच. तुजे उंदीर लई मुततात."

द्वारकेला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"तू भुसा काढलास तेव्हा पेट्यांत उंदीर होते?"

"व्हते की. एकेकाला उचलून बाजूला धरला, भुसा बदलला, परत ठेवला. कुलूप लावलं, किल्ली तुज्या शेजारच्या अंबाबाईच्या खुंटीला अडकवली. ऊन व्हतं तवा."

"लोक म्हणतात, तुम्ही खाल्ले."

सोमीने शेंग मधोमध मोडली. "आमी खातो ना उंदीर. शेतातला, भात खाऊन पोसलेला. लपवतो का आमी? पन तुजा पांढरा? त्याला औषधाचा वास येतो, डोळं लाल. आनि हातानं उचलला, पोटाशी धरला, त्याला कोण खाईल गं? तू खाशील?"

"सोमी, तुझ्या घरी दही असतं?"

"दही?" सोमीने मागे झोपडीकडे हात केला. "अख्ख्या वाडीत एक गाय नाय. दही काय नदीतून काढू?"

द्वारका उठली. वाडीत गाय नाही, म्हैस नाही, आणि लढाईच्या या दिवसांत विकतचं दही कोण आणणार? जे काही दूध निघे ते कर्जत स्टेशनवर जाई, तिथून मुंबईला. दहिवलीच्या त्या आळीत दही लागत होतं ते एकाच म्हशीच्या दुधाचं, आबाजी शेटच्या. त्यातलंच थोडं अंबाबाईकडे येई.

"बाय," सोमीने मागून हाक मारली. "एक इचारू? त्यांना येगळं येगळं का ठेवतेस? मी उचलला ना, तर माझ्या बोटाला धरून बसतात. सोडतच नाय."

"प्रयोग आहे, सोमी."

"अं," सोमी म्हणाली, आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

४

अंबाबाई द्वारकेची शेजारीण. विधवा, पन्नाशीची, कडक. द्वारका जेवायची तिच्याकडेच. द्वारका कुठे गेली की कोठीची किल्ली तिच्या पुढच्या पडवीतल्या खुंटीवर असे. सकाळी दूध घालायला आबाजी शेटची सून सुंदरा ती नेई, झाडायला सोमी नेई, आणि परत तिथेच अडकवी.

"मी काय उंदरांच्या खोलीत पाय ठेवते?" ताटात भाकरी टाकत अंबाबाई म्हणाली. "मला किळस येते. मला नको इचारू."

"किल्ली संध्याकाळी खुंटीवर होती का, एवढंच."

"बघितलं नाय. काल सांजच्याला मी मागल्या अंगणात बसले व्हते, पुढं आलेच नाय."

"का?"

अंबाबाईने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. द्वारकेने भाकरी मोडली, पण घास उचलला नाही. दह्याचा तो वास अजून बोटाला होता. त्या वासाबरोबर काहीतरी जुनं वर येत होतं आणि हाताला लागत नव्हतं. मग लागलं. पेणचं घर. मॅट्रिकच्या परीक्षेला निघताना आई दारात उभी, हातात वाटी. "थांब, हात पुढे कर." तळहातावर थंडगार चमचाभर दही. "नीट जा, नीट परत ये." आई गेल्यापासून तळहातावर असं कोणी काही ठेवलं नव्हतं.

ती चोरी नव्हतीच. तो निरोप होता.

कोणीतरी त्या उंदरांना प्रवासाला काढलं होतं, आणि निघताना रीतीप्रमाणे त्यांच्या हातावर दही दिलं होतं. त्यांना तळहात नाही, म्हणून बोटाने चाटवलं होतं.

"अंबाबाई," ती हळूच म्हणाली, "काल पहाटे मी मुंबईला निघाले, तेव्हा 'येते' म्हटलं, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून आत गेलात. दर वेळी तसंच करता. मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही."

अंबाबाई चुलीतली लाकडं उगाच मागे-पुढे करत राहिली. "येडी हायस. निघत्या माणसासमोर माझ्यासारखीनं उभं राहू नये. दही-बिही देणं ते सवाष्णीचं काम. मी समोर आले आणि तुजं काय वाईट झालं, तर?"

"म्हणजे दही देईल ती सवाष्णच."

"सवाष्णच. दुसरी कशाला हात लावंल?"

शेटचं नाव तिथेच गळलं, ते कशाला दही देतील! सोमीच्या घरी दही नाही. अंबाबाईकडे दही आहे, पण ती मरेल, तरी निघत्याच्या हातावर ठेवणार नाही. उरल्या आळीतल्या सवाष्णी, आणि त्यांत जिच्या घरी म्हैस आहे ती. शेटची बायको जयवंताबाई.

"काल संध्याकाळी जयवंताबाई कुठे होत्या?"

"कुठं म्हंजे? पाटलाकडं. संक्रांतीचं हळदीकुंकू व्हतं ना! सगळ्यांच्या आधी जाऊन बसली असंल ती. आळीतल्या झाडून साऱ्या सवाष्णी गेल्या. नवी लुगडी, वाण लुटायचं. ह्याच रस्त्यानं गेल्या, म्हनून तर मी मागल्या अंगणात..." ती थांबली.

द्वारका ताटाकडे बघत राहिली. हे तर उलटंच झालं. दही देणारी सवाष्णच हवी, आणि त्या वेळी आळीतली प्रत्येक सवाष्ण पाटलाकडे होती. चकव्यात उंदीर जिथे येऊन थबकतो, तशी ती भिंतीला नाक लावून थबकली.

"सगळ्या गेल्या? नक्की?"

अंबाबाईने तवा चुलीवरून उतरवला.

"एक सोडून," ती म्हणाली. "तिला बोलवायचं का नाय, हेच बायांना ठरवता येईना. म्हनून मंग बोलावलंच नाय."

५

"धाकलूमामा, काल संध्याकाळी सोमीनंतर कोण आलं होतं?"

"सांगितलं की. कोणी नाय."

"सुंदरा?"

"सूनबाय? आलती. कळशी घेऊन आली, कळशी घेऊन गेली." धाकलू वैतागला. "ती काय कोणी आलं म्हनायचं का? ती तर रोजच येते."

"रोज सकाळी येते, मामा. दूध सकाळी घालतात."

धाकलू परत डोकं खाजवू लागला.

आबाजी शेटचा एकुलता मुलगा पदू बापाशी भांडून फौजेत ड्रायव्हर म्हणून गेला, तेव्हा त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. सिंगापूर पडलं, आणि मग एक तार आली. तारेत 'मेला' असं नव्हतं. 'बेपत्ता' असं होतं. तेव्हापासून दहिवलीला सुंदराशी कसं वागावं ते कळेनासं झालं. कुंकू लावावं तर लोक बघतात, पुसावं तर सासू रडते. तिच्याशी कोणी भांडलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. हळूहळू बोलणंच थांबलं. द्वारकेकडे ती रोज सकाळी येई, वाट्यांत दूध ओती आणि निघून जाई. आणि द्वारका, जी माणसाच्या मनाचा अभ्यास करून पदवी मिळवणार होती, तीही "ठेव तिथे" यापलीकडे तिच्याशी कधी बोलली नव्हती. आत्ता शेटच्या परसातून चालताना तिला हे आठवलं.

सुंदरा गोठ्यापाशी होती. द्वारकेला बघून तिने पदर सावरला. कपाळावर कुंकू होतं, ठसठशीत.

"उंदीर कुठे आहेत, सुंदरा?"

ती नाही म्हणाली नाही. मुकाट्याने पुढे झाली. माजघराच्या मागे कुडाच्या मोठ्या कणग्या होत्या. यंदा सरकारने सक्तीच्या लेव्हीत भात उचललं, म्हणून शेवटची कणगी रिकामी पडली होती. सुंदराने तिच्यावरचं गोणपाट बाजूला केलं. तळाशी पेंढ्याच्या घरट्यात पांढरे उंदीर एकमेकांच्या मानेत मान घालून झोपले होते. कोणाचं शेपूट कोणाचं, ते सांगता येत नव्हतं. जन्मभर ज्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, ते हे.

"आधी भांडले," सुंदरा म्हणाली. "एकमेकांना लई घाबरले. मंग रातीत कधी जवळ आले, कळलंच नाय."

"का नेलेस तू त्यांना?"

"काल सांजच्याला सगळ्या बाया रस्त्यानं गेल्या. मी खिडकीत व्हते. बघितलं सगळ्यांनी, पन कोणी 'चल' म्हनलं नाय." ती कणगीच्या काठावर हात फिरवत होती. "मला एकदम हे आठवले. रोज दूध घालते तर भोकाला नाक लावून उभे असतात. शेजारी दुसरा हाय, वास येतो, आवाज येतो, पन भेटत नाय. तुमी त्यांना एकटं का ठेवता, ताई?"

"एकटं राहिलं की काय होतं, ते शिकायला."

सुंदराने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"मंग मला इचारायचं की."

गोठ्यात म्हशीने दावं ओढलं.

"आणि दही?" तिने अखेर विचारलं.

"ते फौजेत गेले ना, तवा आदल्या राती मी इरजण लावलं व्हतं. सकाळी हातावर दही ठेवायचं म्हनून. पहाटे बाप-लेकाची वाजली, आणि ते तसेच गेले, माज्या दारावरून. दही तसंच राहिलं." तिचा आवाज हलला नाही. "म्हनून यांना दिलं. कुठंबी जायचं असंल, तर दही खाऊन जावं. मी देऊ शकते. मी सवाष्ण हाय."

हे शेवटचं वाक्य तिने द्वारकेला नाही, जणू सबंध दहिवलीला सांगितलं.

परसात शेटचा आवाज घुमला. "उंदीरबाई! पाटील आलाय गं, चल वाडीवर!"

सुंदरा झटकन वाकली. "परत घाला पेटीत, ताई. एका रातीचं काय ते! साहेब रविवारी येतील, त्यांना काय कळतंय? मी नाय सांगणार. तुमचं शिक्षण तरी..."

खरंच होतं. कोणाला काय कळणार होतं? पेट्या रिकाम्या होत्या, उंदीर हातात होते. पाच मिनिटांचं काम.

"साहेबांना नाही कळणार," द्वारका म्हणाली. "पण उंदरांना कळलंय."

६

पोलीस पाटील ओसरीवर बसले होते. शेट उभे होते, हातात काठी.

"उंदीर सापडले," द्वारका म्हणाली. "सोमीचा काही संबंध नाही. काल तिने भुसा नेला, एवढंच."

"मंग व्हते कुठं?"

"तुमच्या कणगीत."

"माज्या..." शेटचा चेहरा लालबुंद झाला. "माज्या कणगीत उंदीर? कोणी घातले?"

"घरातल्याच माणसाने, शेट. ज्याच्याशी घरात कोणी बोलत नाही. पाटलांना वाडीवर न्यायचं असेल तर आधी माजघरात न्या."

पाटलांनी खाली बघून खाकरलं. शेटनी काठी भिंतीला टेकवली. ते घराच्या दाराकडे पाहत राहिले. तिथे अर्ध्या उंबऱ्याआड सुंदरा उभी होती. भांडून गेलेल्या मुलाला त्यांनी नंतर किती वेळा मनात हाक मारली असेल, ते त्यांनाच ठाऊक. सुनेला कधी हाक मारली नव्हती.

"सूनबाय," ते म्हणाले, "पाटलाला चहा टाक." मग जरा थांबून, "आनि तूबी घे. बाहेर येऊन घे."

त्या संध्याकाळी द्वारकेने कणगीतला एक उंदीर चकव्यात सोडला. हा नेहमी तिसऱ्या वळणावर भिंतीला अंग चिकटवून बसून राही. आजही तो तिथे थांबला, नाक वर करून हुंगत राहिला. मग वळला, आणि खाऊपर्यंत गेला. एका उंदरावरून काहीही सिद्ध होत नाही, हे तिने स्वतःला दोनदा बजावलं. पण एक प्रश्न मात्र तिच्या मनात येऊन बसला, आणि तो पहिल्या प्रश्नापेक्षा मोठा होता. एकटेपणाने जे मंदावतं, ते सोबतीने परत येतं का? याला अजून एक वर्ष लागेल. कदाचित दोन. शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच.

प्राध्यापकांना खोटी फेरी पाहायला दहिवलीपर्यंत यायला लावायचं नाही, आधीच जाऊन सगळं खरं सांगायचं, असं तिने ठरवलं. ते संतापतील. कदाचित म्हणतील, उंदीर परत करा आणि घरी जा. घर म्हणजे कुठलं, हे ते सांगणार नव्हते.

शनिवारी पहाटे ती पिशवी घेऊन निघाली. अंबाबाई पडवीत होती. सवयीने ती भिंतीकडे वळू लागली.

"वळू नका," द्वारका म्हणाली. "इथेच थांबा. तोंड दिसू दे तुमचं."

अंबाबाई वळता वळता थांबली. पुटपुटली, पण थांबली.

दुधाची कळशी घेऊन सुंदरा परसातून येत होती. द्वारका वाट अडवून उभी राहिली आणि तिने उजवा हात पुढे केला, पंजा उघडून.

सुंदराला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती मागे सरली. "माज्या हातचं? नको ताई. लोक काय म्हंतील... तुमचं काम व्हायचं हाय..."

"म्हणूनच."

"दे गं," पडवीतून अंबाबाईचा आवाज आला. "आत फळीवर वाटी हाय. काल रातीच लावलंय. मलाबी म्हायती व्हतं, ही मागंल म्हनून."

सुंदरा आत गेली. वाटी दोन्ही हातांनी धरून आली, दही सांडलं नाही. पौषातल्या पहाटेचं दही. तळहाताला चटका बसावा इतकं गार.

द्वारकेने ते चाटून घेतलं. "येते," ती म्हणाली.

"नीट जा," सुंदरा म्हणाली. "वाट बघते. लवकर परत या."

हे तिने डोळे मिटून म्हटलं. ते नेमकं कोणाला म्हटलं, हे द्वारकेने विचारलं नाही. ती स्टेशनच्या वाटेला लागली, आणि वळणावर पोचेपर्यंत त्या दोघी दारातच उभ्या होत्या.